गणिताच्या प्रमाणित चाचणीचा निकाल : कोणत्या क्रमाने वाचायचा आणि पुढे काय करायचं

निकालपत्रावर '७२ पर्सेंटाईल' छापलेलं असतं, घरी ते '७२ टक्के' म्हणून वाचलं जातं, आणि मुलाच्या गणिताबद्दलचे पुढचे सगळे निर्णय त्या चुकीच्या वाचनावर उभे राहतात. शिकवणी लागते किंवा बदलते, सरावाच्या पुस्तकांचा ढीग येतो. नेमका कोणता प्रश्न का चुकला, हे मात्र कुणी बघत नाही.

प्रमाणित चाचणी म्हणजे सगळ्या मुलांना सारख्याच अटींवर दिलेली, एकाच नियमाने तपासलेली आणि आधी ठरवलेल्या मोजपट्टीवर निकाल देणारी चाचणी. शाळेच्या घटक चाचणीची सवय लागलेली नजर तिच्यासाठी पुरत नाही. पुढचे टप्पे आहेत त्याच क्रमाने घ्या. बहुतेक घरांत सहावा टप्पा, म्हणजे 'मागच्या वर्षी किती होते?', सगळ्यात आधी होतो आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो.

## पूर्वतयारी : काय हाताशी हवं

निकालपत्राची सगळी पानं काढा. आकड्यांचा अर्थ बहुधा मागच्या पानावर बारीक अक्षरांत असतो आणि तेच पान वाचलं जात नाही. त्याखेरीज हे जमवा :

- चाचणीचा आराखडा : कोणत्या घटकावर किती प्रश्न, कोणत्या प्रकारचे
- मिळत असेल तर प्रश्नपत्रिका, उत्तरसूची आणि मुलाची उत्तरं
- कच्च्या कामाची पानं
- नियम : वेळ किती, कॅल्क्युलेटर चालतो का, चुकीच्या उत्तराला गुण कापतात का

अनेक चाचण्यांची प्रश्नपत्रिका परत मिळत नाही, कारण तेच प्रश्न पुन्हा वापरायचे असतात. तशा वेळी आयोजकांनी प्रसिद्ध केलेले नमुना प्रश्न घ्या. बाजारातल्या 'अपेक्षित प्रश्नसंचा'वर या कामासाठी विसंबू नका.

आराखडा वाचायला दहा मिनिटं पुरतात, आणि 'शाळेत नव्वद, इथे साठ कसे?' या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा तिथेच सापडतं. चौथी आणि आठवीच्या मुलांसाठी १९९५ पासून दर चार वर्षांनी होणारी टिम्स ही आंतरराष्ट्रीय चाचणी बघा. तिच्या २०१९ च्या आराखड्यात आठवीच्या गणितात सुमारे ३५ टक्के भार माहीत असलेलं आठवण्या-करण्यावर, ४० टक्के ते वापरण्यावर आणि २५ टक्के तर्क लढवण्यावर होता. शाळेच्या पेपरात पाठ्यपुस्तकातलीच उदाहरणं आकडे बदलून येत असतील, तर मुलाची परीक्षा मुख्यतः पहिल्या भागातच होते. दोन पेपर वेगळ्या गोष्टी मोजत असतील तर गुण वेगळे येणारच. त्यात मुलाचं काही 'घसरलेलं' नसतं.

## टप्पा १ : ही चाचणी कशाशी तुलना करते ते ठरवा

दोनच शक्यता आहेत. काही चाचण्या मुलाची तुलना इतर मुलांशी करतात. काही चाचण्या ठरलेल्या निकषाशी करतात : 'या इयत्तेला अपूर्णांकांची बेरीज यायला हवी; येते की नाही?'

पहिल्या प्रकारात कुणीतरी मागे असणारच, सगळी मुलं हुशार असली तरी. निम्मी मुलं मध्याच्या खाली जाणं हे तिथे गणितच आहे. दुसऱ्या प्रकारात सगळी मुलं पार होऊ शकतात किंवा सगळी अडकू शकतात. त्यामुळे 'मध्याच्या खाली' हे वाक्य पहिल्या प्रकारात जितकं साधं आहे, तितकंच दुसऱ्या प्रकारात निरर्थक आहे.

तुलना मुलांशी असेल तर लगेच पुढचा प्रश्न विचारा : कोणत्या मुलांशी? त्याच इयत्तेच्या सगळ्या मुलांशी, की स्वतःहून फी भरून बसलेल्या निवडक मुलांशी? स्पर्धा परीक्षेला मुळात गणिताची आवड असलेलीच मुलं जास्त बसतात. तिथला ५० पर्सेंटाईल आणि सर्वसाधारण गटातला ५० पर्सेंटाईल यांत पुष्कळ अंतर असतं.

तपासा : 'माझ्या मुलाची तुलना अमुक इयत्तेच्या अमुक गटाशी झाली' किंवा 'अमुक निकषाशी झाली' असं एक पूर्ण वाक्य लिहून काढा. ते लिहिता येत नसेल तर पुढे जाऊ नका, आयोजकांना किंवा शाळेला विचारा.

## टप्पा २ : छापलेला आकडा कोणत्या जातीचा आहे ते ओळखा

एकाच निकालपत्रावर चार-पाच जातींचे आकडे असू शकतात.

कच्चे गुण. ४० पैकी ३१ बरोबर. पेपर सोपा होता की अवघड, हे यातून कळत नाही.

स्केल्ड स्कोअर. एकाच चाचणीचे वेगवेगळे पेपर थोडे कमी-जास्त अवघड असतात. तो फरक काढून टाकून कच्चे गुण एका समान पट्टीवर आणले की हा आकडा मिळतो. म्हणून अवघड पेपरातले ३१ आणि सोप्या पेपरातले ३३ एकाच स्केल्ड स्कोअरवर येऊ शकतात. पट्टी कुठून सुरू होते तेही बघा. अमेरिकेतल्या कॉलेज-प्रवेशासाठीच्या एसएटी चाचणीत गणिताची पट्टी २०० ते ८०० आहे, म्हणजे तिथे ४०० म्हणजे 'निम्मे गुण' नव्हेत.

पर्सेंटाईल. ७२ पर्सेंटाईल म्हणजे तुलनेच्या गटातल्या सुमारे ७२ टक्के मुलांपेक्षा गुण जास्त. किती प्रश्न बरोबर आले याच्याशी त्याचा थेट संबंध नाही. पेपर फार अवघड असेल तर निम्मे प्रश्न बरोबर येऊनही ९० पर्सेंटाईल मिळू शकतो.

पर्सेंटाईलची खोच अशी की त्याच्या पायऱ्या सारख्या उंचीच्या नसतात. मध्याजवळ मुलांची दाटी असते, टोकाला विरळ. सरासरी ५०० आणि प्रमाण विचलन (गुण सरासरीपासून साधारण किती दूर पसरलेत याचं माप) १०० असलेली, घंटेच्या आकाराच्या आलेखात बसणारी पट्टी घ्या. ५० वरून ६० पर्सेंटाईलला जायला साधारण २५ गुण पुरतात, ८९ वरून ९९ ला जायला साधारण ११० गुण लागतात. दोन्हीकडे वाढ 'दहा'च दिसते. म्हणून पर्सेंटाईलची बेरीज-वजाबाकी करू नका, सरासरी तर मुळीच काढू नका. ते करायचंच असेल तर स्केल्ड स्कोअरवर करा.

स्टॅनाइन. १ ते ९ अशा नऊ पायऱ्या. ४, ५ आणि ६ या मधल्या तीन पायऱ्यांत मिळून ५४ टक्के मुलं येतात. ५ चा ६ झाला म्हणून पेढे नकोत आणि ६ चा ५ झाला म्हणून बोलणी नकोत.

इयत्ता-समतुल्य गुण. सगळ्यात फसवा आकडा हाच. पाचवीतल्या मुलासमोर '७.२' लिहिलेलं असलं तर त्याला सातवीचं गणित येतं असा अर्थ होत नाही. पाचवीचा हाच पेपर सातवीच्या दुसऱ्या महिन्यातल्या साधारण मुलाने सोडवला असता तर जितके गुण मिळाले असते तितके याला मिळाले, एवढंच. सातवीचे घटक त्या पेपरात नव्हतेच. या आकड्यावरून मुलाला वरच्या वर्गात बसवण्याचा विचार कुणी मांडला तर थांबवा.

सावध : 'पिसामध्ये पाचशेच्या आसपास सरासरी असते, आमच्या मुलाला ५२० आहेत' अशी तुलना कुठल्याही दोन पट्ट्यांमध्ये करता येत नाही. पिसा (पंधरा वर्षांच्या मुलांची आंतरराष्ट्रीय चाचणी) आणि टिम्स देशांची पातळी मोजण्यासाठी आहेत. तिथे प्रत्येक मूल एकूण प्रश्नांपैकी थोडेच प्रश्न सोडवतं, आणि निकाल मुलाचा नव्हे, देशाचा किंवा प्रदेशाचा लागतो.

संगणकावरच्या काही चाचण्या मुलाच्या उत्तरांनुसार पुढचे प्रश्न सोपे किंवा अवघड करत जातात. अशा चाचणीत हुशार मुलाचेही बरेच प्रश्न चुकतात, कारण त्याला अवघड प्रश्न दिले जातात. 'किती बरोबर आले?' हा प्रश्न तिथे विचारूच नका.

## टप्पा ३ : आकड्याभोवती पट्टा काढा

कोणताही स्कोअर म्हणजे टाचणीचं टोक नव्हे. तोच मुलगा दुसऱ्या दिवशी तशाच दुसऱ्या पेपराला बसला तर गुण थोडे वेगळे येतील. हा थरथराट किती, ते निकालपत्रावर 'प्रमाण त्रुटी' किंवा 'विश्वास-मर्यादा' या नावाने दिलेलं असतं. आलेखात स्कोअरच्या दोन्ही बाजूंना जी आडवी रेघ दिसते, ती हीच.

समजा पट्टीची सरासरी १००, प्रमाण विचलन १५ आणि चाचणीची विश्वसनीयता (पुन्हा घेतली तर निकाल किती सारखा येतो याचं ० ते १ मधलं माप) ०.९१. मग प्रमाण त्रुटी येते १५ × √(१ − ०.९१) = १५ × ०.३ = ४.५. मुलाचा स्कोअर १०४ असेल तर ९५ टक्के खात्रीचा पट्टा, म्हणजे दोन्ही बाजूंना सुमारे दोन प्रमाण त्रुटी, साधारण ९५ ते ११३ इतका रुंद होतो. पर्सेंटाईलमध्ये हाच पट्टा सुमारे ३७ पासून ८१ पर्यंत पसरतो! निकालपत्रावर मात्र ठळक अक्षरांत एकच आकडा दिसतो : ६०. आणि ०.९१ ही विश्वसनीयता काही वाईट नाही, चांगलीच आहे.

यातून शेजाऱ्याच्या मुलीशी तुलना आपोआप निकालात निघते. तिला १०९ आणि याला १०४, हा पाच गुणांचा फरक. पण दोन स्कोअरमधल्या फरकाची प्रमाण त्रुटी आणखी मोठी असते, इथे सुमारे ६.४. म्हणजे ती पुढे आहे असं ही चाचणी खात्रीने सांगत नाही.

तपासा : यापुढे घरात बोलताना एक आकडा न वापरता पट्टा वापरायचा. 'साधारण मध्यावर किंवा थोडा वर' हे '६० पर्सेंटाईल'पेक्षा जास्त खरं विधान आहे.

## टप्पा ४ : घटकवार गुण जपून वाचा

'भूमिती ५० टक्के, बीजगणित ८३ टक्के' असं दिसलं की भूमितीची शिकवणी शोधायला सुरुवात होते. आधी मोजा, भूमितीचे प्रश्न होते किती? सहा असतील तर एका प्रश्नाने १७ टक्क्यांचा फरक पडतो. ३ बरोबर आणि ५ बरोबर यांत दोन प्रश्नांचंच अंतर आहे, आणि त्यातला एखादा तुक्का असू शकतो.

घटकवार गुणांवरून निष्कर्ष काढू नका, शंका काढा. 'भूमितीकडे बघायला हवं' इतपत ठीक. उत्तर पुढच्या टप्प्यात मिळतं.

## टप्पा ५ : चुकलेले प्रश्न उघडा

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. आधीचे चार टप्पे अर्ध्या तासात उरकतील, याला दोन-तीन बैठका लागतील. निकालाच्या दिवशी हे करू नका, मूल तेव्हा ऐकण्याच्या मनःस्थितीत नसतं. तुम्हीही नसता.

पहिली बैठक. चुकलेले आणि सोडलेले प्रश्न कोऱ्या कागदावर उतरवा. त्यांत बरोबर आलेले तीन-चार प्रश्नही मिसळा, म्हणजे 'हे सगळे माझे चुकलेले' असं मुलाला वाटणार नाही. आधीचं उत्तर दाखवू नका, घड्याळ लावू नका. सोडवू द्या.

दुसरी बैठक. प्रत्येक प्रश्नाला 'कसं केलंस ते सांग' एवढंच म्हणा. 'का चुकलास?' असं नको. मधे दुरुस्ती करू नका. हे सगळ्यात अवघड आहे, पण पालकाने तोंड उघडलं की मूल स्वतःची रीत सांगायचं सोडून तुम्हाला हवं असलेलं उत्तर शोधू लागतं.

मग चार ढीग करा :

1. आता बरोबर आलं. वेळ, दडपण किंवा प्रश्न नीट न वाचणं हे कारण.
2. पुन्हा तीच चूक झाली. डोक्यात पक्की बसलेली चुकीची समजूत.
3. सुरुवातच करता आली नाही. घटक शिकवलेला नाही, किंवा मागच्या इयत्तेतला पाया नाही.
4. आधी बरोबर, आता चूक. मिसळलेल्या प्रश्नांतून हा सापडतो : पहिल्यांदा तुक्का लागला होता.

दुसरा ढीग सोन्यासारखा आहे. बहुपर्यायी प्रश्नातले चुकीचे पर्याय उगाच दिलेले नसतात, मुलांच्या नेहमीच्या चुकांवरून ते बेतलेले असतात. त्यामुळे मुलाने कोणता चुकीचा पर्याय निवडला यावरून त्याचा विचार कळतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय शैक्षणिक मूल्यमापनात १९७८ साली १३ वर्षांच्या मुलांना १२/१३ + ७/८ याचं अंदाजे उत्तर विचारलं होतं. पर्याय होते १, २, १९ आणि २१. दोन्ही अपूर्णांक जवळपास एकाएवढे, म्हणून उत्तर २. पण ते निवडलं फक्त २४ टक्के मुलांनी. निम्म्याहून अधिक मुलं १९ आणि २१ कडे गेली, म्हणजे अंशांची बेरीज किंवा छेदांची बेरीज. अपूर्णांक ही एकच संख्या असते, हेच त्यांच्या मनात नव्हतं. अशा मुलाकडून अपूर्णांकांच्या बेरजेची पन्नास उदाहरणं करून घेतली तर रीत पाठ होईल, समजूत तशीच राहील. त्याला संख्यारेषेवर ७/८ कुठे ते दाखवायला लावा.

या ढिगात नेहमी सापडणाऱ्या काही समजुती :

- ०.३५ हे ०.४ पेक्षा मोठं, कारण ३५ हे ४ पेक्षा मोठं.
- ८ + ४ = □ + ५ या चौकटीत १२. बरोबरचं चिन्ह म्हणजे 'आता उत्तर लिही' असा हुकूम वाटतो. उत्तर ७ आहे.
- किंमत २० टक्के वाढून मग २० टक्के कमी झाली तर मूळ किंमत येते. येत नाही, १०० चे १२० आणि १२० चे ९६ होतात.
- 'सीमाकडे १२ गोट्या आहेत. त्या मीनाच्या गोट्यांपेक्षा ४ ने जास्त आहेत. मीनाकडे किती?' इथे 'जास्त' हा शब्द दिसला की बेरीज, उत्तर १६. खरं उत्तर ८.

शेवटच्या चुकीत हात शिकवणाऱ्यांचाही असतो. 'एकूण म्हणजे बेरीज, उरले म्हणजे वजाबाकी' असे शब्दांचे तक्ते भिंतीवर लावायचे आणि मग मुलं प्रश्न वाचत नाहीत म्हणून तक्रार करायची, हे काही मला पटत नाही.

आणखी एक जात वेगळी ओळखा : गणित बरोबर, उत्तर चूक. त्याच अमेरिकी मूल्यमापनात १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला एक प्रश्न होता. एका बसमध्ये ३६ सैनिक बसतात, ११२८ सैनिकांना किती बस लागतील? २९ टक्के मुलांनी '३१, बाकी १२' असं उत्तर दिलं. भागाकार अचूक होता, पण बाकी १२ म्हणजे बसची वाट बघत उभे राहिलेले बारा सैनिक, हे त्यांनी डोळ्यांसमोर आणलंच नाही. अशा मुलाला भागाकाराचा सराव नको. उत्तर लिहिल्यावर प्रश्नाचं शेवटचं वाक्य पुन्हा वाचायची सवय हवी.

सावध : 'येतं त्याला, फक्त धांदरटपणा' हे वाक्य वापरण्याआधी ढीग तपासा. एकाच प्रकारच्या प्रश्नात तीच चूक तीनदा दिसली तर तो धांदरटपणा नव्हे. खरा धांदरटपणा विखुरलेला असतो : इथे हातचा विसरला, तिथे ६ चा ० वाचला.

## टप्पा ६ : आता मागच्या वर्षाशी तुलना

चाचणी तीच आणि पट्टी तीच असेल तरच. दोन वेगळ्या आयोजकांचे आकडे शेजारी ठेवू नका.

मागच्या वर्षी ६५ पर्सेंटाईल आणि यंदाही ६५, तर 'वर्षभर काहीच शिकला नाही' असं नाही. सगळी मुलं एक इयत्ता पुढे सरकली आणि हाही त्यांच्या बरोबरीने सरकला. वाढ बघायची तर स्केल्ड स्कोअर बघा, तोही वेगवेगळ्या इयत्तांचे गुण एकाच पट्टीवर आणलेले असतील तरच. फरक टप्पा ३ मधल्या पट्ट्यात मावत असेल तर त्यावर बोलू नका.

पहिल्या वर्षी फार वर गेलेला स्कोअर पुढच्या वेळी बहुधा थोडा खाली येतो आणि फार खालचा थोडा वर येतो, कारण टोकाच्या निकालात नशिबाचा वाटा जास्त असतो. खूप कमी गुण पडल्यावर लावलेल्या कुठल्याही क्लासला यामुळे फुकटचं यश मिळतं.

## टप्पा ७ : पुढच्या चाचणीची तयारी

दुसऱ्या आणि तिसऱ्या ढिगातले घटक आधी घ्या, दोन आठवड्यांत एकच. नव्या प्रश्नसंचाला हात लावायची घाई नको. संपूर्ण पेपरचा वेळ लावून सराव हा शेवटच्या महिन्याचा विषय आहे. आधीच सुरू केला तर मूल आहेत त्याच चुका अधिक वेगाने करायला शिकतं.

वेळ. ४० प्रश्न, ६० मिनिटं असतील तर सरासरी दीड मिनिट. पण ती सरासरी आहे. पहिल्या फेरीत लगेच सुचणारे सगळे प्रश्न, दुसऱ्या फेरीत उरलेले. एका प्रश्नावर तीन मिनिटं गेली की खूण करून पुढे. संगणकावरच्या काही चाचण्यांत मागे जाता येत नाही, तिथे ही युक्ती चालणार नाही. हे आधीच विचारून ठेवा.

तुक्का मारायचा की नाही. याचं उत्तर हिशेबातच आहे. चुकीला गुण कापत नसतील तर एकही प्रश्न रिकामा ठेवू नका. एसएटीत पूर्वी पाच पर्यायांच्या प्रश्नाला चुकल्यावर पाव गुण कापत. तुक्क्याची सरासरी कमाई बरोबर शून्य व्हावी असा तो हिशेब होता. २०१६ पासून तो नियम गेला. चार पर्याय आणि चुकीला एक तृतीयांश गुण वजा असेल तर डोळे मिटून मारलेल्या तुक्क्याची सरासरी कमाई शून्य. पण एक पर्याय खात्रीने बाद करता आला तर ती एक नवमांश गुण होते. म्हणून गुण कापत असतील तिथे मुलाला सांगायचं ते एवढंच : एक तरी पर्याय खोडता आला तर उत्तर दे, नाहीतर सोड.

उत्तरपत्रिकेचे गोळे. एक प्रश्न सोडला आणि पुढचा गोळा त्याच्या जागी रंगवला की तिथून खालची सगळी उत्तरं एकेक ओळ सरकतात, आणि निकालावरून ते कुणाच्या लक्षातही येत नाही. दर पाच प्रश्नांनी प्रश्नाचा क्रमांक आणि गोळ्याचा क्रमांक मोठ्याने नाही, पण बोट ठेवून जुळवायचा. ही सवय सरावाच्या पेपरातच लावा. परीक्षेच्या सकाळी नुसतं सांगून ती लागत नाही.